विंचूदंश, संशोधनवृत्ती आणि महाडचा दवाखाना

उमेदीच्या वयातील डॉक्टराने आपल्या संशोधनाचा आराखडा मांडून अर्ज करावा आणि एखाद्या संस्थेने त्याला काही वर्षांपुरते वेतन व खर्च द्यावा, ही पद्धत भारतात विसाव्या शतकात रुळली. तिचा इतिहास सहसा मुंबई, दिल्ली, कोलकाता यांसारख्या शहरांतील प्रयोगशाळांच्या अंगाने लिहिला जातो. त्याच शतकात रायगडच्या दक्षिण भागात, सावित्री नदीच्या खोऱ्यात, एका रोगाचे जे संशोधन झाले ते या पद्धतीच्या चौकटीत बसणारे नव्हते. म्हणूनच त्या चौकटीच्या मर्यादा समजून घेण्यास ते उपयोगी पडते. हा रोग म्हणजे विंचूदंश.

संशोधनाला सार्वजनिक पैसा देण्याची सुरुवात साथींच्या धास्तीतून झाली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला, वाल्देमार हाफकिन यांनी त्यावरची लस तयार केली, १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात आली आणि १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाऊ लागली. दरम्यान १९११ मध्ये ‘इंडियन रिसर्च फंड असोसिएशन’ स्थापन झाली. सरकारी निधी एका ठिकाणी ठेवून तो तज्ज्ञांच्या शिफारशीने विशिष्ट संशोधनांना वाटणे हे तिचे काम होते, आणि १९४९ मध्ये तिचेच रूपांतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेत, म्हणजे आजच्या ‘आयसीएमआर’मध्ये झाले. खासगी दानाचा प्रवाहही मुंबईतूनच निघाला: मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्यावर पुढच्याच वर्षी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट उभा राहिला आणि त्याच्या संशोधनवृत्त्यांसाठी देशातील तरुण शास्त्रज्ञ अर्ज करू लागले.

विंचवाकडे या व्यवस्थेचे लक्ष गेले ते प्रयोगशाळेच्या वाटेने. १९३०च्या दशकाच्या आरंभी जेसुइट पंथाचे औषधशास्त्रज्ञ कायस आणि डॉ. म्हसकर या जोडीने सर्पदंश व विंचूदंशावर सांगितल्या जाणाऱ्या देशी वनस्पती तपासल्या आणि भारतीय विंचवांविषयीची टिपणे प्रसिद्ध केली. प्रश्न नेमके मांडलेले होते आणि उत्तरेही शिस्तीने शोधलेली होती. तथापि दंश झालेला माणूस पुढच्या बारा तासांत कोणत्या टप्प्यांतून जातो, हे प्रयोगशाळेत दिसण्याजोगे नव्हते. ते पाहायचे तर रुग्णाच्या उशाशी बसणे भाग होते, आणि रुग्ण परळच्या प्रयोगशाळेपाशी नव्हता. तो कोकणातल्या वाडीवर होता.

कोकणातील घराची रचनाच विंचवाला आश्रय देणारी असे. जांभ्या दगडाच्या गडग्यांतील फटी, परड्यात रचलेली लाकडे, गोवऱ्यांचा ढीग आणि भाताचा पेंढा या त्याच्या लपण्याच्या जागा होत्या, आणि अनवाणी पायाने अंधारात वावरणारे किंवा सरपणात हात घालणारे शेतकरी, मजूर, बायका व मुले हे त्याचे नेहमीचे बळी होते. आकाराने मोठ्या, काळ्या इंगळीची लोकांना धास्ती अधिक, परंतु प्राणघातक ठरतो तो लहान चणीचा तांबडा विंचू. दंशानंतर प्रथम मांत्रिकाकडे जाऊन विंचू ‘उतरवून’ घेण्याचा प्रघात होता. ज्यांना विष फारसे बाधलेले नसे ते आपोआप बरे होत आणि त्याचे श्रेय मंत्राला मिळे, त्यामुळे हा समज टिकून राहिला. दंशानंतर फुफ्फुसांत पाणी भरते आणि रुग्ण दगावतो, याची नोंद मुंडले यांनी १९६१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये केली होती, परंतु त्याला आवर कसा घालावा हे तेव्हा कोणालाच उमगले नव्हते.

१९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून आले, तेव्हा या जिल्ह्याचे नाव अजून कुलाबा होते. ‘रायगड’ हे नाव १९८१ मध्ये मिळाले. जालना परिसरातील देहेड या खेड्यात वाढलेले आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतलेले हे डॉक्टर संशोधनवृत्तीवर नव्हे, तर सरकारी नोकरीत तेथे रुजू झाले होते. विंचूदंशाचे रुग्ण त्यांच्यापुढे एकामागून एक येत राहिले. त्यांनी प्रत्येकाची नाडी, रक्तदाब, घाम, उलट्या आणि हातापायांचा गारठा यांच्या नोंदी ठेवल्या, आणि त्यांतून रोगाचा क्रम उलगडत गेला. दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय आणि पुरुषांमध्ये लिंगाचा ताठरपणा ही हृदयावर येऊ घातलेल्या संकटाची पूर्वचिन्हे आहेत, असे दाखवणारा त्यांचा लेख १९८२ मध्ये ‘द लॅन्सेट’ या लंडनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

या चिन्हांमागचे कारण असे की, तांबड्या विंचवाचे विष मज्जातंतूंना अतिरेकी चेतवते आणि त्यामुळे अॅड्रिनॅलिनसारखी द्रव्ये रक्तात एकदम उसळतात. यालाच स्वायत्त मज्जासंस्थेतील वादळ म्हणतात. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो, हृदयावरील भार वाढतो आणि शेवटी हृदय थकून फुफ्फुसांत पाणी साठते. आवळलेल्या वाहिन्या सैल केल्या तर ही साखळी तुटेल, हा यातून निघणारा तर्क होता. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून पदव्युत्तर शिक्षण घेऊन बावस्कर पुन्हा याच भागात परतले आणि त्यांनी पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह प्राझोसिन या गोळीचा उपयोग करून पाहिला. उच्च रक्तदाबावर दिली जाणारी ही गोळी रक्तवाहिन्यांच्या भिंतींवरील ‘अल्फा ग्राहक’, म्हणजे वाहिन्या आवळण्याचा संदेश झेलणारी ठिकाणे, रोखून धरते; शिवाय ती स्वस्त असून तोंडाने घेता येते, त्यामुळे यंत्रसामग्री नसलेल्या दवाखान्यातही देता येते. याविषयीची त्यांची नोंद १९८६ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्येच आली. या उपचारापूर्वी गंभीर रुग्णांपैकी २५ ते ३० टक्के दगावत आणि नंतर हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आले, असे बावस्कर यांच्या लेखनात नमूद आहे.

पुढे तांबड्या विंचवाच्या विषावरील प्रतिविष, म्हणजे घोड्याला अल्प प्रमाणात विष टोचून त्याच्या रक्तातून मिळवलेले प्रतिद्रव्य, उपलब्ध झाले. ते नुसत्या प्राझोसिनपेक्षा सरस आहे काय, याची चाचणी बावस्कर दांपत्याने महाडमध्ये ७० रुग्णांवर केली. चिठ्ठी टाकावी तसे यदृच्छेने दोन गट पाडले. प्राझोसिनसह प्रतिविष मिळालेल्या ३५ जणांपैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले, तर केवळ प्राझोसिन मिळालेल्या ३५ जणांपैकी ८. हे निष्कर्ष ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २०११ मध्ये छापले आणि २०२२ मध्ये डॉ. बावस्कर यांना पद्मश्री देण्यात आली.

दरम्यान तरुण संशोधकांसाठीच्या योजनाही वाढल्या होत्या. आयसीएमआरने १९७९ पासून वैद्यकीय विद्यार्थ्यांना अल्पमुदतीची संशोधनवृत्ती देण्यास प्रारंभ केला. भारत सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांच्या सहकार्यातून २००८ मध्ये उभ्या राहिलेल्या ‘इंडिया अलायन्स’ने उमेदवारीच्या काळातील अधिछात्रवृत्ती सुरू केली आणि डॉक्टरांसाठी तिचा स्वतंत्र विभाग ठेवला. अशा अर्जांत साधारणपणे संशोधनाचा आराखडा, अंदाजपत्रक, पूर्वप्रसिद्ध लेख, मार्गदर्शकाचे नाव आणि यजमान संस्थेची, म्हणजे जागा व सुविधा देण्याची हमी घेणाऱ्या संस्थेची, संमती मागितली जाते. रुग्णांवरील अभ्यास असेल तर नैतिकता समितीची मान्यताही लागते. या अटी अवाजवी नाहीत, कारण सार्वजनिक पैशाचा हिशेब आणि रुग्णाची सुरक्षितता त्यांवर अवलंबून असते. मात्र यांतील बहुतेक गोष्टी मोठ्या महाविद्यालयात आयत्या मिळतात आणि आरोग्य केंद्रात एकही नसते.

हे अंतर कमी करण्याचा प्रयत्न मुळीच झाला नाही असे नाही. आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्रांच्या योजनेत कोकणपट्टीतच, पालघर जिल्ह्यातील डहाणू येथे, असे एक केंद्र उभे राहिले. तरीही रोग जेथे आहे तेथे बसलेल्या डॉक्टरला अर्ज भरता यावा, यासाठी यजमान संस्थेचा रकाना आरोग्य केंद्राच्या नावानेही भरता आला पाहिजे आणि मार्गदर्शक व नैतिकता समिती पुरवण्याची जबाबदारी अर्जदाराने नव्हे, तर निधी देणाऱ्याने उचलली पाहिजे. १९७६ मध्ये बिरवाडीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यापाशी पूर्वप्रसिद्ध लेखांची यादी नव्हती. त्याच्यापाशी रुग्ण होते, त्यांच्या नोंदी होत्या आणि एक नेमका प्रश्न होता. विंचूदंशाच्या उपचाराचा पाया त्या नोंदींवर घातला गेला.