डुलकी लागते आणि डुलकी काढतात : ‘नॅप’ या इंग्रजी शब्दाचा इतिहास

शब्दांच्या इतिहासावरच्या या मालेत आज आपण एक अगदी लहान इंग्रजी शब्द घेणार आहोत. एन, ए, पी. नॅप. अर्थ सगळ्यांना माहीत आहे: थोडा वेळ घेतलेली झोप, बहुतेक वेळा दिवसा, अंथरूण न घालता. आपण मराठीत तिला डुलकी म्हणतो.

आता या डुलकीला आपण दोन क्रियापदं जोडतो, तिकडे जरा लक्ष द्या. ‘डुलकी लागली’ असं आपण म्हणतो आणि ‘डुलकी काढली’ असंही म्हणतो. लागली, तेव्हा आपला काही इलाज नव्हता. काढली, तेव्हा आपण ठरवून आडवे झालो. बोलताना हा फरक आपल्या मनातही येत नाही, पण तो पक्का आहे. सभेत बसल्या बसल्या डुलकी लागते. रविवारी जेवण झाल्यावर डुलकी काढतात. इंग्रजीतल्या ‘नॅप’चा हजार वर्षांचा इतिहास एका वाक्यात सांगायचा, तर तो ‘लागणे’पासून ‘काढणे’पर्यंतचा प्रवास आहे. आणि हा प्रवास सगळ्यांच्या वाट्याला सारखा आलेला नाही. आज आपल्याला बोलायचं आहे ते यावरच.

आधी स्पेलिंग बघू. जुन्या इंग्रजीत हे क्रियापद साधारण ‘ह्नाप्पिअन’ असं होतं. सुरुवातीला एच, मग एन. ‘ह्न’ने सुरू होणारा शब्द आजच्या इंग्रज माणसाला उच्चारता येणार नाही. आपल्याला त्याचं फारसं नवल वाटू नये, कारण आपल्याकडे न्हावी आहे, न्हाणीघर आहे. तो ध्वनी अगदी असाच नव्हता, पण याच्या जवळपासचा होता. आणि असा हा एकटाच शब्द नव्हता. नट म्हणजे कवचाचं फळ, ते होतं ‘ह्नुतु’. नेक म्हणजे मान, ती होती ‘ह्नेक्का’. रिंग होती ‘ह्रिंग’. लोफ म्हणजे पाव, तो होता ‘ह्लाफ’. ‘लॉर्ड’ हा मोठा मानाचा शब्दसुद्धा ‘ह्लाफ’ला ‘वेआर्ड’ म्हणजे राखणदार जोडून झालेला आहे. लॉर्ड म्हणजे मुळात भाकरीचा राखणदार!

पुढे मध्ययुगात या सगळ्या शब्दांच्या तोंडचा ‘ह’ गळून पडला. उच्चारातून गेला आणि लिखाणातूनही गेला. इथे कुणीही विचारेल की मग ‘नाइफ’ आणि ‘नाइट’ या शब्दांच्या पुढे तो न बोलला जाणारा के अजून का उभा आहे? उत्तर आहे वेळेचं. विल्यम कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये छापखाना घातला 1476 साली. छापखाना आला की स्पेलिंग हळूहळू गोठत जातं. ‘नॅप’मधला ‘ह’ त्याच्या बराच आधी गेलेला होता, म्हणून कंपोझिटरच्या हातात जो शब्द आला तो एनपासूनच सुरू होणारा. ‘नाइफ’मधला ‘क’ मात्र तेव्हा लोक खरोखर उच्चारत होते. तो जिभेवरून गेला सतराव्या शतकाच्या सुमारास. तोवर छापील रूप ठरून गेलं होतं. म्हणजे इंग्रजी स्पेलिंग विक्षिप्त आहे अशी जी आपली शाळेपासूनची तक्रार आहे, तिच्यामागे पुष्कळदा निव्वळ तारखांचा घोळ असतो. ‘नॅप’ आधी सुटला, ‘नाइफ’ अडकला.

स्पेलिंगचा आणखी एक मुद्दा. ‘नॅपिंग’ आणि ‘नॅप्ड’ लिहिताना पी दोनदा येतो. मुलं तिथे हमखास चुकतात. नियम असा की एका अवयवाच्या शब्दात एकच ऱ्हस्व स्वर आणि त्यानंतर एकच व्यंजन असेल, तर प्रत्यय लावताना ते व्यंजन दुप्पट करायचं, म्हणजे स्वर ऱ्हस्व राहतो. एक पी गाळला, तर वाचणारा ‘नेपिंग’ असं काहीतरी वाचेल. आपल्याकडे या स्वरासाठी अर्धचंद्राची खूण आहे, म्हणून आपलं काम सोपं झालं. ती रुळण्याआधी आपणही ‘ब्यांक’ लिहीत होतोच.

आता खोटे नातेवाईक बाजूला करून घेऊ, कारण दर वेळी कुणीतरी हे विचारतंच. मखमलीवर जी लव असते तिलाही नॅप म्हणतात. तिचा झोपेशी संबंध नाही, तो शब्द डचांकडून आला. ‘नॅपकिन’मधला नॅप फ्रेंचमधून, कापड या अर्थाने आला, आणि बाळाची ‘नॅपी’ त्या नॅपकिनपासून झाली. बाळ तिच्यात झोपतं हे खरं, पण व्युत्पत्तीला त्याचं सोयरसुतक नाही. ‘किडनॅप’मधला नॅप हा ‘नॅब’चा भाऊ. नॅब म्हणजे झडप घालून पकडणे. स्पेलिंग सारखं दिसलं म्हणून नातं सांगायचं नसतं, हे यातून लक्षात ठेवू.

आता अर्थाकडे येऊ. दहाव्या शतकाच्या अखेरीस शुभवर्तमानांचं जुन्या इंग्रजीत भाषांतर झालं. त्यात दहा कुमारींची गोष्ट आहे. नवरदेवाची वाट बघत त्या दिवे घेऊन बसल्या आहेत. त्याला यायला उशीर होतो आणि सगळ्यांचा डोळा लागतो. मूळ लॅटिनमध्ये इथे दोन क्रियापदं आहेत: आधी पेंग आली, मग झोपल्या. त्यातल्या पेंगण्यासाठी भाषांतरकाराने ‘ह्नाप्पिअन’ वापरलं. म्हणजे शब्दाच्या या जुन्या वापरातच ती ‘लागलेली’ डुलकी आहे. जागं राहायला हवं होतं आणि डोळे मिटले. चौदाव्या शतकातल्या विक्लिफच्या बायबलमध्येही हाच शब्द टिकून आहे. तिथल्या एका स्तोत्रात तर इस्राएलाचा रक्षणकर्ता झोपतही नाही आणि ‘नॅप’ही घेत नाही, असं म्हटलं आहे. 1611 साली राजा जेम्सच्या आज्ञेने झालेलं भाषांतर आलं, त्यात त्या जागी ‘स्लंबर’ आहे. आज देवाच्या संदर्भात कुणी ‘नॅप’ म्हटलं, तर ऐकणाऱ्याला हसूच येईल. शब्द तोच, पण देवळातून निघून तो ओसरीवर येऊन बसला.

चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मध्ये यात्रेकरूंबरोबर एक आचारी आहे. तो दारू पिऊन घोड्यावर पेंगतो, बाकीचे त्याची थट्टा करतात, आणि शेवटी तो घोड्यावरून खाली पडतो. इथेही शब्द हाच. हा आचारी ध्यानात ठेवा, आपल्याला पुढे त्याचं काम आहे.

शेक्सपिअरच्या काळापर्यंत ‘नॅपिंग असताना पकडणे’ हा वाक्प्रचार चांगला रुळला होता. त्याच्या नाटकांतही तो येतो. आपण मराठीत ‘गाफील पकडलं’ म्हणतो, तसाच. आजही सरकार असो, सैन्य असो, क्रिकेटमधला क्षेत्ररक्षक असो, ‘कॉट नॅपिंग’ म्हटलं की त्यात ठपका आलाच. झोपणारा तो दोषी, पकडणारा तो हुशार.

हा ठपका आणखी पक्का केला तो कारखान्याच्या घड्याळाने. ई. पी. थॉम्प्सन या इतिहासकाराने 1967 साली एक गाजलेला निबंध लिहिला. शेतावरचा माणूस कामाच्या लयीने वेळ मोजायचा, त्याला घंटेच्या आणि घड्याळाच्या शिस्तीत कसं आणलं गेलं, हे त्याने त्यात दाखवलं आहे. धर्मोपदेशकही या कामात मागे नव्हते. जॉन वेस्लीने 1786 साली पहाटे उठण्याचं कर्तव्य आणि त्याचे फायदे यांवर पुस्तिकाच काढली. ज्याची वेळ मालकाने विकत घेतली आहे, त्याने दिवसा डोळा मिटला तर ती जवळजवळ चोरी ठरली.

पण सगळ्यांचीच नाही बरं का! विन्स्टन चर्चिल 1895 साली तरुणपणी क्यूबात गेला होता. तिथल्या स्पॅनिश सैन्यात दुपारची झोप पाहिली आणि तिचं महत्त्व आपल्याला पटलं, असं त्याने आत्मचरित्रात लिहिलं आहे. पुढे पंतप्रधान असताना, महायुद्ध चालू असतानाही तो दुपारी रीतसर कपडे बदलून पलंगावर झोपायचा. त्याला कुणी ‘कॉट नॅपिंग’ म्हटलं नाही. उलट ते त्याच्या ताकदीचं रहस्य ठरलं. आपल्याकडेही असंच आहे. जेवून डाव्या कुशीवर लवंडलं की तिचं नाव वामकुक्षी. केवढा भारदस्त संस्कृत शब्द! तीच झोप पहारेकऱ्याने खुर्चीत काढली, तर तो पेंगत होता.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या शब्दाला नवं बिरूद मिळालं: ‘पॉवर नॅप’. कॉर्नेल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेम्स मास यांच्याकडे त्याचं श्रेय दिलं जातं. गंमत बघा, ज्या झोपेला आळस म्हणत होते, तिच्यापुढे ‘पॉवर’ लावलं आणि ती कामाची झाली. डुलकी आता उघडपणे ‘काढायची’ गोष्ट झाली.

यामागे शास्त्र होतंच. नासाने पॅसिफिकवरून जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या विमानांतल्या वैमानिकांवर एक अभ्यास केला, त्याचा अहवाल 1994 साली आला. एका गटाला आळीपाळीने, आपल्याच आसनावर 40 मिनिटं विसावा दिला. त्यात ते सरासरी 26 मिनिटं झोपले. त्यांची कामगिरी 34 टक्क्यांनी आणि सावधपणा 54 टक्क्यांनी सुधारला, हे आकडे आज सगळीकडे सांगितले जातात. पण आपल्यासाठी महत्त्वाचा आहे तो दुसरा गट, ज्याला विसावा दिला नव्हता. त्यांच्या मेंदूच्या आलेखात काही सेकंदांच्या झोपेच्या खुणा सापडल्या. आणि त्या कधी, तर विमान खाली उतरत असतानासुद्धा!

म्हणजे काय झालं? काढू दिली नाही, म्हणून लागली. आपल्या दोन क्रियापदांमधलं नातं हे असं आहे. शरीराचा हिशेब चुकत नाही. डुलकी काढायला मिळाली नाही, तर ती स्वतःच्या वेळेला येते, आणि ती वेळ सोयीची नसते.

हे आपल्या मुंबईच्या एका माणसाने फार आधी, वेगळ्या भाषेत मांडलं होतं. नारायण मेघाजी लोखंडे. सत्यशोधक, ‘दीनबंधू’चे संपादक. 1884 साली त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार केलं. आठवड्याला एक सुट्टी, आणि दुपारी अर्धा तास विसावा, या त्यातल्या मागण्या होत्या. 10 जून 1890 रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली, आणि 1891च्या फॅक्टरी कायद्यात दुपारच्या अर्ध्या तासाची सोय आली. झोप हा शब्द त्या मागण्यांत नव्हता, विसावा होता. पण चर्चिलला जी गोष्ट आपखुशीने मिळाली, ती कामगारांना सह्या गोळा करून, भांडून घ्यावी लागली.

आता चॉसरच्या आचाऱ्याकडे परत येऊ. तो घोड्यावरून पडला, कारण तो प्यायला होता. पण आज आपल्या वर्तमानपत्रांत एक वाक्य वरचेवर येतं: ‘चालकाला डुलकी लागल्याने’. समोर अपघाताची बातमी असते, मृतांचा आकडा असतो, आणि कारण म्हणून एवढे तीन शब्द. व्याकरणाने पाहिलं तर वाक्य अगदी खरं आहे. लागली. पण ते तिथेच थांबतं. तो किती तास गाडी चालवत होता? आदल्या रात्री झोपला होता का, आणि कुठे? आपल्याकडे 2025पर्यंत 1961चा मोटार वाहतूक कामगार कायदा होता. त्यात सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती, आणि दिवसाला आठ तास काम, असं लिहिलेलं होतं. तो अर्धा तास त्याला मिळाला होता का? हा प्रश्न ‘लागल्याने’ या शब्दात दडपून जातो. दोष झोपेवर जातो, फार तर झोपणाऱ्यावर जातो. काढू न देणारा त्या वाक्यात कुठेच नसतो.

म्हणून आम्ही एवढंच सुचवू. ‘नॅप’ कसा लिहायचा, पी कधी दुप्पट करायचा, हे तर लक्षात राहीलच. पण कुणाला डुलकी लागली असं वाचलं किंवा ऐकलं, की आधी विचारायचं: याला ती काढायला जागा होती का?

पुढच्या व्याख्यानात ‘नून’ हा शब्द घेऊ. त्याचा मूळ अर्थ आहे नववा तास, म्हणजे दुपारचे तीन. तो सरकत सरकत बारावर कसा आला, ते बघू. आता आपण प्रश्नांकडे वळू या.