मर्यादेचा इतिहास : प्रोसेसरचा वेग, दाब आणि उष्णता

यंत्राच्या अंगावर छापलेला आकडा आणि त्या यंत्राची खरी शक्ती यांत नेहमीच काही अंतर असते. पुलावर जो भार अनुज्ञेय म्हणून लिहिलेला असतो, त्याहून पुष्कळ अधिक भार तो पूल सोसू शकतो. निर्माता हे अंतर जाणूनबुजून राखतो आणि त्यावरच आपला निर्धास्तपणा उभा असतो. संगणकाच्या प्रोसेसरच्या बाबतीत मात्र या राखीव अंतरावर मालकी कोणाची, हा वाद गेली चाळीस वर्षे चालू आहे. छापील वेगाहून अधिक वेगाने प्रोसेसर चालविण्यास ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. हा हौशी तरुणांचा खेळ आहे, असे समजून प्रौढ माणसे त्याकडे सहसा लक्ष देत नाहीत. परंतु ‘सुरक्षित’ या शब्दाचा अर्थ कसा घडत गेला आणि कसा बदलत गेला, हे या खेळाच्या इतिहासातून जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसेल. शिवाय ज्यांनी हा खेळ जन्मात खेळला नाही, त्यांच्या मेजापर्यंतही तो इतिहास अलीकडे येऊन पोहोचला आहे.

प्रथम कारणमीमांसा पाहू. प्रोसेसर हा ठोक्यांवर चालतो. प्रत्येक ठोक्याच्या आत त्यातील ट्रान्झिस्टरांनी आपले काम उरकावयाचे असते. ठोके जलद केले आणि ट्रान्झिस्टर मागे पडले, की हिशेब चुकतो आणि संगणक बंद पडतो. विद्युत्‌दाब, म्हणजे व्होल्टेज, वाढविला तर ट्रान्झिस्टर अधिक चपळ होतात. म्हणून वेगाच्या मागोमाग दाब वाढविण्याचा मोह होतो. पण येथेच खरी मेख आहे. प्रोसेसरच्या कामातून निर्माण होणारी उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, तर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्के आणि दाबही दहा टक्के वाढविला, तर उष्णता दहा किंवा वीस नव्हे, सुमारे तेहतीस टक्के वाढते. शिवाय तापलेल्या ट्रान्झिस्टरांतून वीज अधिक झिरपते, आणि त्या झिरपण्याने उष्णतेत आणखी भर पडते.

आरंभीच्या काळी हा हिशेब कोणास फारसा करावा लागला नाही. १९७१ साली इंटेलचा ४००४ हा प्रोसेसर आला, तेव्हा त्यात २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि त्याचा वेग ७४० किलोहर्ट्झ होता. १९८१ च्या आयबीएम वैयक्तिक संगणकातील ८०८८ हा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झने, म्हणजे सेकंदाला सत्तेचाळीस लक्ष सत्तर हजार ठोक्यांनी चाले, तोही पाच व्होल्टवर, आणि त्यावर उष्णता निवविण्याचे कसलेही साधन नसे. १९८४ साली आयबीएमने ‘एटी’ हा संगणक सहा मेगाहर्ट्झचा म्हणून बाजारात आणला. त्याचे ठोके बारा मेगाहर्ट्झच्या एका लहानशा स्फटिकावरून निघत. हौशी मंडळींनी तो स्फटिक काढून सोळाचा बसविला आणि यंत्र आठ मेगाहर्ट्झने धावू लागले. कंपनीस हे रुचले नाही. पुढच्या यंत्रांत आरंभीच वेग तपासणारी आणि तो अधिक आढळल्यास अडवणूक करणारी योजना तिने घातली. राखीव अंतराच्या मालकीवरून झालेला हा पहिल्या झगड्यांपैकी एक म्हणता येईल. त्यात दाबाचा प्रश्न नव्हता, कारण दाबाला कोणी हातच लावला नव्हता.

दाब पाच व्होल्टवर कायम राहणे मात्र शक्य नव्हते. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांचे सहकारी यांनी १९७४ साली एक महत्त्वाचा सिद्धान्त मांडला. ट्रान्झिस्टर जितका लहान कराल तितकाच दाबही कमी करा, म्हणजे तेवढ्याच जागेत अधिक ट्रान्झिस्टर बसूनही उष्णतेची दाटी वाढणार नाही, असे त्याचे सार होते. पुढील तीन दशकांची प्रगती याच सूत्रावर झाली. त्याकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, हे १९९३ च्या पहिल्या पेंटियमने दाखविले. पुण्यास जन्मलेले विनोद धाम यांचा ज्याच्या निर्मितीत मोठा वाटा होता, तो हा प्रोसेसर पाच व्होल्टवर चाले आणि चांगलाच तापे. दुसऱ्याच वर्षी त्याची ३.३ व्होल्टची आवृत्ती निघाली. ती वेगाने अधिक आणि तापण्यात कमी होती. दाब उतरत उतरत १९९८ पर्यंत दोन व्होल्टवर आला.

१९९८ च्या ऑगस्टमध्ये आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर या इतिहासातील लोकप्रिय नायक ठरला. त्याचा मूळ ठोका ६६ मेगाहर्ट्झचा आणि गुणक साडेचार होता. म्हणून वेग ३००. मदरबोर्डावर मूळ ठोका १०० केला, की तोच प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झने धावे, आणि पुष्कळांच्या बाबतीत तर दाब दोन व्होल्टवरून यत्किंचितही न वाढविता! गरिबाने घेतलेली वस्तू श्रीमंताच्या वस्तूची बरोबरी करू लागली. यामागे चमत्कार नव्हता. कारखान्यातून निघणारा माल छापील आकड्याहून सरस होता, आणि बाजारातील वर्गवारीसाठी त्यावर लहान आकडा छापला जात होता.

परंतु याच अंतराचा लाभ लबाडांनीही घेतला. स्वस्त प्रोसेसरवरील आकडा खोडून मोठा आकडा छापावयाचा आणि चढ्या दराने विकावयाचा, असा धंदा त्या काळी अनेक देशांत चालला. ग्राहकाच्या रक्षणाचे कारण देऊन कंपन्यांनी गुणकास कुलूप घातले. हे कारण खरे होते, आणि त्यात कंपन्यांचा लाभही होता. कुलूप आले की किल्ली शोधणारे आलेच. एएमडी कंपनीच्या २००० सालच्या अ‍ॅथलॉन प्रोसेसरच्या पृष्ठभागावरील तुटक रेषा साध्या शिसपेन्सिलीने जोडल्या, की ग्रॅफाइटमधून वीज वाहून कुलूप उघडे!

त्याच सुमारास दोन प्रसंग असे घडले, की त्यांनी उष्णतेविषयीचा निष्काळजीपणा संपविला. वेगाच्या स्पर्धेत इंटेलने २००० च्या जुलैअखेर १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम थ्री बाजारात आणला. स्वतंत्र परीक्षकांना तो छापील वेगावरच अडखळताना आढळला आणि ऑगस्टमध्ये कंपनीस तो परत घ्यावा लागला. म्हणजे मर्यादा ओलांडण्याचे काम येथे हौशी मंडळींनी नव्हे, खुद्द निर्मात्याने केले होते. दुसरा प्रसंग २००१ चा. टॉम्स हार्डवेअर या परीक्षण-संस्थेने चालू संगणकाच्या प्रोसेसरवरील हीटसिंक काढून काय होते, याचे चित्रण केले. पेंटियम फोरने आपला वेग आपण कमी करून जीव वाचविला. अ‍ॅथलॉनमधून मात्र काही क्षणांतच धूर निघाला. प्रोसेसरने स्वतःचे तापमान जाणावे आणि वेळीच आवरते घ्यावे, ही गोष्ट पुढे सर्वत्र रूढ झाली.

उष्णतेला अशा रीतीने पहारेकरी मिळाला. दाबाला तो मिळाला नाही, आणि आमच्या मते या सर्व इतिहासाचे मर्म येथेच आहे. २००२ च्या आरंभी ‘नॉर्थवूड’ नावाचा पेंटियम फोर आला. त्याचा नेमलेला दाब दीड व्होल्ट होता. जुन्या सवयीने अनेकांनी तो १.७ व्होल्टच्या वर नेला. यंत्रे उत्तम चालली, तापमानही आटोक्यात राहिले. मग काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी, एकेक प्रोसेसर कोणतीही पूर्वसूचना न देता कायमचा निकामी झाला. तापमापकाने अखेरपर्यंत सर्व क्षेम असल्याचाच निर्वाळा दिला होता.

असे का व्हावे? मोटोरोलाचे जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकातच याच्या एका कारणाचे गणित मांडले होते. अतिसूक्ष्म तारेतून वीज दाटीने वाहू लागली, की इलेक्ट्रॉनांच्या धक्क्याने धातूचे अणू हळूहळू जागा सोडतात. नदीने काठ कुरतडावा तशी तार झिजते आणि शेवटी तुटते. वाहत्या विजेची दाटी आणि तापमान ही दोन्ही वाढली, तर ही झीज अनेक पटींनी वेगावते. दुसरे कारण ट्रान्झिस्टरमधील विद्युत्‌रोधक पापुद्र्याचे. २००४ च्या सुमारास हा पापुद्रा अवघा १.२ नॅनोमीटर, म्हणजे जेमतेम पाच अणूंच्या थरांएवढा राहिला होता. इतक्या पातळ भिंतीवर थोडाही जादा दाब पडला, तर ती आज पडत नाही. ती कमजोर होत राहते. उष्णतेचे दुखणे तापासारखे लगेच कळते, आणि वेग कमी केला की उतरते. दाबाचे दुखणे वाळवीसारखे असते. दाब मागाहून कमी केला तरी खाल्लेले लाकूड भरून येत नाही.

याच काळात डेनार्डचे सूत्रही थकले. ट्रान्झिस्टर लहान होत राहिले, पण दाब एका व्होल्टच्या आसपास येऊन अडला. त्याहून खाली ते नीट उघडझाप करीनात. २००४ च्या ऑक्टोबरात इंटेलने चार गिगाहर्ट्झच्या पेंटियम फोरचा बेत सोडून दिला, आणि कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेत गुडघे टेकून विनोदाने क्षमा मागितली. पुढे कंपन्यांनी एकाच प्रोसेसरमध्ये अनेक गाभे घालण्याचा मार्ग धरला.

पण वेगाची हाव संपली नव्हती. तिने घर बदलले एवढेच. २००८ पासून इंटेलच्या प्रोसेसरमध्ये ‘टर्बो’ ही सोय आली. थंडावा आणि वीज उपलब्ध असेल तर प्रोसेसर आपला वेग व दाब आपणच वाढवू लागला. पूर्वी जे राखीव अंतर हौशी माणूस स्फटिक बदलून किंवा पेन्सिल फिरवून मिळवीत असे, ते आता कारखान्यातच खर्ची पडू लागले. हे एका अर्थी न्याय्यच झाले; ग्राहकास विकत घेतलेल्या वस्तूची पुरी शक्ती मिळाली. मात्र जे अंतर खर्चिले, ते चुकीच्या वेळी उपयोगी पडण्यास उरत नाही.

याची प्रचीती दोनदा आली. २०२३ च्या एप्रिलमध्ये एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील काही प्रोसेसर त्यांच्या बैठकीसह जळाले. स्मृतीचा वेग वाढविण्याची तयार सोय चालू केली, की काही मदरबोर्ड प्रोसेसरच्या एका भागाचा दाब बेताबाहेर चढवीत. एएमडीने त्या दाबास १.३ व्होल्टची मर्यादा घातली. २०२४ चे प्रकरण याहून गंभीर होते. इंटेलचे तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे अनेक प्रोसेसर वारंवार अडखळू लागले. त्यांतील मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या अंतर्गत कारभाराची आज्ञावली, प्रसंगी योग्य त्याहून अधिक दाब मागत होती, असे कंपनीने जुलैमध्ये सांगितले. ऑगस्टमधील दुरुस्तीने त्या मागणीस १.५५ व्होल्टचा बांध घातला, आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविण्यात आली. परंतु जे प्रोसेसर आधीच झिजले होते ते या दुरुस्तीने बरे होणारे नव्हते. त्यांच्या मालकांपैकी कित्येकांनी एकही आकडा कधी बदलला नव्हता.

तेव्हा सुरक्षित दाब कोणता आणि सुरक्षित तापमान कोणते? याला एकच आकडा देणारा माणूस विश्वासास पात्र नाही, असे आम्ही म्हणू. दोन व्होल्ट सेलेरॉनला मानवले, नॉर्थवूडला १.७ मानवले नाहीत. २०११ च्या सुमारच्या प्रोसेसरांसाठी जाणती मंडळी रोजच्या वापरास साधारणतः १.३५ ते १.४ व्होल्टवर थांबत. आजच्या रायझनमध्ये एकच गाभा हलके काम करीत असताना क्षणभर दिसणारे १.४५ व्होल्ट निरुपद्रवी असतात. तोच दाब सर्व गाभे राबत असताना अखंड ठेवला तर घातक ठरतो. आकड्याला अर्थ येतो तो ट्रान्झिस्टरचा आकार, वाहणारी वीज, तापमान आणि काळ या चौघांच्या संगतीने. २०११ साली ८.४ आणि २०२२ साली ९ गिगाहर्ट्झ ओलांडणारे विक्रम द्रवरूप हेलियमच्या थंडाव्यात काही क्षणांसाठी झाले. रोजच्या संसाराला ते उदाहरण लागू पडत नाही.

तापमानाविषयी आमच्या वाचकांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. इंटेलच्या अनेक प्रोसेसरांची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअस आणि रायझन ७००० मालिकेतील बहुतेकांची ९५ अंश आहे. ही प्रोसेसरने स्वतः आवरते घेण्याची रेषा होय. कायम वस्तीचे ठिकाण नव्हे. दीर्घ कामात ८० ते ८५ च्या आत राहणे बरे. शिवाय हीटसिंक प्रोसेसरला खोलीहून थंड करू शकत नाही; खोलीच्या तापमानावर ठरावीक अंतर तो राखतो, इतकेच. २२ अंशांच्या परदेशी प्रयोगशाळेत ७५ अंश दाखविणारे यंत्र जयपूर किंवा रायपूरच्या ४० अंशांच्या खोलीत सुमारे ९३ वर जाईल. डिसेंबरात निर्धोक ठरलेली वेगवाढ मे महिन्यात तशी राहत नाही. आणि पंख्यात धूळ साचली असेल तर एप्रिलमध्येच नाही.

ज्यास वेग वाढवावयाचा आहे त्याने तो जरूर वाढवावा. पण दाबाला शेवटी हात लावावा, लावलाच तर शतांश व्होल्टच्या पायरीने लावावा, आणि प्रत्येक पायरीवर दीर्घकाळ परीक्षा घ्यावी. ज्यास वाढवावयाचा नाही त्याचेही काम संपत नाही. मदरबोर्डाने परभारे काय चढविले आहे हे एकदा पाहून घेणे आणि निर्मात्याच्या दुरुस्त्या वेळेवर बसविणे, हे आता त्याच्याही वाट्यास आले आहे. कचेरीसाठी एकदम शंभर यंत्रे घेणाऱ्या अधिकाऱ्याने तर वेगाच्या आकड्याबरोबर हमीची मुदत आणि उन्हाळ्यातील खोलीचे तापमान या दोन गोष्टी निविदेत आवर्जून लिहाव्यात. राखीव अंतर कारखान्यात उरले नसेल, तर ते आपणच थोडेसे निर्माण करावे लागते.