मुलाखतीला जाताय? प्रश्न-उत्तरं पाठ करण्याआधी हे वाचा

कुर्डुवाडी : भरतीची जाहिरात निघाली की व्हॉट्सॲप ग्रुपवर मुलाखतीच्या प्रश्नांच्या पीडीएफ फिरायला लागतात. पण तुम्ही जिथं अर्ज केलाय तिथं मुलाखत आहे का, हे आधी जाहिरातीत बघा.

केंद्र सरकारच्या गट ब (अराजपत्रित), गट क आणि गट ड पदांच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंद आहेत. रेल्वेच्या ग्रुप डीला संगणकावरची परीक्षा, शारीरिक चाचणी, कागदपत्रं तपासणी आणि मेडिकल असतं. मध्य रेल्वेच्या ॲप्रेंटिस भरतीत कुर्डुवाडी वर्कशॉपच्याही जागा असतात. तिथं दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर यादी लागते. पोलीस शिपाई भरतीत ५० गुणांचं मैदान आणि १०० गुणांचा लेखी पेपर. तेव्हा "वर्कशॉपच्या मुलाखतीचं मी बघतो, एवढे द्या" म्हणणारा जी मुलाखतच होत नाही तिचे पैसे मागतोय. ऑनलाइन पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर फोन करा.

मुलाखत खरी होते ती खाजगी कंपनीत, फायनान्समध्ये आणि वर राज्यसेवेसारख्या परीक्षांत. टेंभुर्णी, चिंचोळी, कुरकुंभ, रांजणगावच्या एमआयडीसीत जाणाऱ्या पोरापोरींना साधारण हे प्रश्न येतात.

स्वतःबद्दल सांगा.
नाव, गाव, वडिलांचं नाव अर्जात असतंच. थेट कामावर या. "मी फिटरचा आयटीआय केलाय. वर्कशॉपमध्ये फायलिंग, ड्रिलिंग जास्त केलं. घरची पाण्याची मोटार मीच खोलतो-जोडतो." एका मिनिटात संपवा.

पास होऊन दोन वर्षं झाली, मधे काय केलं?
आपली पोरं इथंच अडकतात. "काही नाही, घरीच होतो" म्हणतात. अहो, घरी म्हणजे काय? ठिबक जोडलं, रात्रीच्या लाइटला ऊस भिजवला, मजुरांचा हिशोब ठेवला, माल मार्केटला नेला, हे काम नाही का? तेच सांगा. भरतीची तयारी करत होता तर तेही लपवू नका. मात्र पुढचा प्रश्न ठरलेला आहे.

उद्या भरती निघाली तर सोडून जाणार?
"नाही सर, कायम इथंच" यावर समोरच्याचा विश्वास बसत नाही. "फॉर्म निघाला तर भरेन. पण आहे तोवर सुट्ट्या मारणार नाही, आणि जायची वेळ आली तर नोटीस देऊन जाईन," हे उत्तर जास्त टिकतं. मुलींना लग्नानंतरचं विचारतात. ते विचारायला नको, पण विचारलंच तर "नोकरी चालू ठेवायचं ठरवलंय" एवढं बास.

ट्रेडचे प्रश्न
व्हर्नियर कॅलिपरचा लिस्ट काउंट किती? नेहमीच्या व्हर्नियरचा ०.०२ मिमी, मायक्रोमीटरचा ०.०१ मिमी. इलेक्ट्रिशियनला मेगर कशासाठी, असं विचारतात : इन्सुलेशन रेझिस्टन्स मोजायला. येत नसेल तर "आठवत नाही, सर" म्हणा. ठोकून दिलेलं उत्तर पकडलं जातं.

तुमच्या गावाबद्दल सांगा.
राज्यसेवेच्या तयारीतल्यांनी हे पक्कं करावं. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे बार्शी टाउन ते बार्शी रोड अशी सुरू झाली. बार्शी रोड म्हणजे आपलं कुर्डुवाडी. रूळ अडीच फुटांचे. आज मुंबई-चेन्नई मार्गावरचं हे जंक्शन आहे, इथून एक फाटा पंढरपूर-मिरजेला आणि दुसरा बार्शी-लातूरला जातो. तालुका माढा, आणि उजनी धरणही याच तालुक्यात.

उत्तरं फोनवर रेकॉर्ड करून ऐका. किती वेळा "म्हणजे, म्हणजे" होतं ते कळतं. इंग्रजीत विचारलं आणि जमेना, तर "सर, मराठीत सांगू का?" असं विचारायला हरकत नाही.

शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय?" असं म्हणतात. तेव्हा विचारा : नाव कंपनीच्या पटावर लागणार की ठेकेदाराच्या? पीएफ कापून हातात किती येणार? रात्रपाळीला ने-आण करायला बस आहे का, आणि ती कुठपर्यंत येते? मूळ कागदपत्रं दाखवा, ठेवून घेतो म्हणाले तर झेरॉक्स द्या.