भीमेच्या स्वतःच्या वाट्याचे पाणी

कलबुर्गी जिल्ह्यात गाणगापूर येथे भीमा आणि अमरजा यांचा संगम आहे. महाराष्ट्रातून जाणारा दत्तभक्त तेथे स्नान करून मग निर्गुण पादुकांच्या दर्शनास जातो. ज्या पाण्यात तो उतरतो त्याची वाटणी कागदावर केव्हाच होऊन गेली आहे. त्या वाटणीत खुद्द नदीच्या पदरी काय पडले, हा इतिहास फारसा सांगितला जात नाही.

भीमेचा हिशेब हा कृष्णेच्या हिशेबाचाच एक भाग होय. 1969 साली न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमला गेला. त्याने 78 वर्षांच्या प्रवाहाचे आकडे तपासले आणि शंभरांपैकी पंचाहत्तर वर्षे खात्रीने मिळेल असे पाणी 2060 अब्ज घनफूट ठरविले. 1973 साली निवाडा झाला व 1976 साली त्यास अंतिम रूप आले. महाराष्ट्रास 560, कर्नाटकास 700, आंध्रास 800. या तीन आकड्यांची बेरीज कोणीही करून पाहावी. ती बरोबर 2060 भरते! भीमेपुरते सांगायचे तर महाराष्ट्राने ऊर्ध्व भीमेच्या खोऱ्यातून 95 व कर्नाटकाने मुख्य प्रवाहातून 15 अब्ज घनफुटांहून अधिक पाणी घेऊ नये, असे ठरले. ही मर्यादा राज्यांना एकमेकांपासून राखणारी होती. नदीला राखणारी नव्हे.

लवादास दोष देणे मात्र न्याय्य होणार नाही. नदीच्या गरजेचे माप घेण्याचे शास्त्रच तेव्हा बाल्यावस्थेत होते. योगायोग असा की, त्याच 1976 साली अमेरिकेत डोनाल्ड टेनंट यांनी आपली रीत प्रसिद्ध केली: वार्षिक सरासरी प्रवाहाच्या दहा टक्के पाण्यावर जलचर जेमतेम तग धरतात, तीस टक्क्यांवर बऱ्यापैकी जगतात. रीत सुटसुटीत आहे; पण ती बेतली गेली तिकडच्या नद्यांवर. भीमेचे बहुतेक पाणी पावसाच्या चार महिन्यांतच वाहते. वर्षाच्या सरासरीचा दहावा हिस्सा वैशाखात मागितला, तर तो निसर्गानेही कदाचित दिला नसता. आणि आषाढात तेवढ्यावरच भागविले, तर पहिल्या लोंढ्याबरोबर वर चढून अंडी घालणाऱ्या माशांना वाटच उरत नाही. म्हणून येथे महिन्यामहिन्याचा अंदाज बांधावा लागतो: उन्हाळ्यात डोह किती खोल राहावेत, पहिला पूर किती मोठा असावा. त्यासाठी धरणापूर्वीच्या नोंदी हव्यात. 1980 साली सुमारे 117 अब्ज घनफूट पाणी साठविणारे उजनी धरण पुरे झाले. पुढे कलबुर्गीत सोन्न येथे बंधारा झाला. त्यानंतर मोजलेला प्रवाह हा नदीचा स्वभाव सांगत नाही, दरवाजांचा सांगतो.

बीदरच्या मांजरेची स्थितीही निराळी नाही. ती बीड जिल्ह्यात उगम पावून लातूरकडून बीदरात येते. 2016 साली लातूरलाच मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. जेथे वरचे शहर तहानलेले, तेथे खालच्या डोहांची बाजू कोण मांडणार?

2010 साली न्यायमूर्ती ब्रिजेश कुमार यांच्या लवादाने मात्र नद्यांच्या किमान प्रवाहासाठी काही पाणी वेगळे धरले. परंतु 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने त्या निवाड्याच्या प्रसिद्धीस स्थगिती दिली. 2023 च्या मे अखेरीस कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी उजनीतून भीमेत 3 अब्ज घनफूट पाणी सोडण्याची विनंती महाराष्ट्रास केली. ते मागितले होते माणसांच्या आणि गुराढोरांच्या पिण्यासाठी.