गोबर गॅसच्या इतिहासातील एक फेरविचार

गाय कडबा खाते. परंतु कडब्यातील सेल्युलोज फोडणारे एंझाइम तिचे शरीर स्वतः निर्माण करीत नाही. ते कार्य तिच्या जठराच्या पहिल्या कप्प्यातील, म्हणजे रोमंथिकेतील, सूक्ष्मजंतू करतात. हवेत न जगणारे हे जंतू प्रयोगशाळेत वाढविण्याची रीत अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट हंगेट यांनी बसविली व १९५० साली सेल्युलोज पचविणाऱ्या जंतूंचा सविस्तर परामर्श घेतला. तंतूंपासून प्रथम शर्करा व शर्करेपासून ॲसेटिक अम्लासारखी अम्ले तयार होतात. ती रोमंथिकेच्या भित्तीतून रक्तात जातात आणि गायीस पुष्कळशी ऊर्जा त्यांपासूनच मिळते. सोबत निर्माण होणारा मिथेन ढेकरेवाटे बाहेर पडतो.

गोबर गॅसच्या टाकीतही जंतूंचे हेच कार्य चालते. मात्र तेथे अम्ले शोषून घेणारी भित्ती नसल्यामुळे त्यांचेही अखेर मिथेनमध्ये रूपांतर होते.

मुंबईत माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या वसतिस्थानी १८९७ साली मैल्यापासून निघणारा वायू वापरात आणल्याचा उल्लेख सापडतो. पुढे जशभाई पटेल यांनी तरंगत्या झाकणाचे संयंत्र सिद्ध केले व १९६० नंतरच्या दशकात खादी व ग्रामोद्योग आयोगाने त्याचा प्रसार केला. या सर्व काळात ग्रामीण संयंत्राचा कच्चा माल म्हणजे शेण, हे गृहीतच धरले गेले. त्यात नवल नाही; शेण घरचे होते आणि वायू काढून घेतल्यावरही खत शिल्लक राहत असे.

या गृहीतास पुण्यात छेद मिळाला. १९९६ साली स्थापन झालेल्या ‘ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट’ ऊर्फ ‘आरती’ या संस्थेचे वनस्पतिशास्त्रज्ञ आनंद कर्वे यांचा युक्तिवाद असा की, हे जंतू मूळचे जनावराच्या पोटातील; म्हणून जनावर जे खाते तेच त्यांनाही द्यावे. शेणात उरतात ते मुख्यतः पचनातून सुटलेले, लिग्निनने जखडलेले तंतू. शेण हे विरजण होय, दूध नव्हे. त्यांनी टाकीत खरकटे, खराब धान्य व अखाद्य बियांचे पीठ घातले. या लहान संयंत्रास २००६ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला.

संस्थेच्या म्हणण्यानुसार २ किलो पिष्टमय द्रव्यापासून एका दिवसात सुमारे ५०० ग्रॅम मिथेन मिळतो; तेवढ्यासाठी शेण ४० किलो व अवधी ४० दिवस लागतो. ही तुलना जपून वाचली पाहिजे. ताज्या शेणात सुमारे चार पंचमांश पाणी असते. ते वजा करता ८ किलो घनद्रव्य उरते. म्हणजे कोरड्या द्रव्याच्या हिशेबाने फरक वीसपट नसून चौपट ठरतो. शिवाय पिष्ट एकदम अधिक घातल्यास अम्ले साचतात व मिथेन निर्माण करणारे जंतू मंदावतात.

तथापि चौपट फरकही थोडा नव्हे. ज्या घरी गुरे नाहीत, त्या घरच्या चुलीलाही या विचाराने धूररहित इंधनाची वाट मोकळी झाली. टाकीच्या घडणीत अनेक सुधारणा झाल्या होत्या. टाकीतील जंतूंच्या आहाराचा प्रश्न मात्र दीर्घकाळ मागे राहिला होता.