क्वीनची दोन प्रेमगीते आणि एक चुकलेला कालक्रम

#थ्रेड

‘बोहेमियन रॅप्सडी’ (2018) या चित्रपटातील एक प्रसंग अनेकांच्या स्मरणात असेल. फ्रेडी मर्क्युरी मेरी ऑस्टिनला रिओच्या मैफलीची चित्रफीत दाखवतो. प्रचंड जनसमुदाय ‘लव्ह ऑफ माय लाइफ’ गात असतो. तेवढ्यात फ्रेडी मनातले गुपित उघड करतो आणि दोघांचे नाते तुटते.

प्रसंग हृद्य आहे. पण इतिहास म्हणून टिकत नाही.

तारखा पाहा. हे गीत ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ या अल्बममधले. तो 21 नोव्हेंबर 1975 रोजी प्रकाशित झाला. फ्रेडीने मेरीला आपल्या लैंगिक ओढीविषयी सांगितले 1976 मध्ये. आणि रिओचा महोत्सव जानेवारी 1985 मधला! म्हणजे गीत आधी, कबुली नंतर आणि रिओ त्याहून नऊ वर्षांनी.

हा क्रम लावला की मोठा प्रश्न समोर येतो. गीतातला ‘मी’ सोडून दिलेला आहे. जाणाऱ्याला तो परत बोलावतो आहे. प्रत्यक्षात दूर जाणारा होता फ्रेडी स्वतः. मग ही विनवणी कोणाची? ज्ञानदेवांच्या विराण्या ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये. गीतातला ‘मी’ आणि रचणारा एकच असतो, असे गृहीत धरण्याची घाई चरित्रकार करतात, रसिकांनी करू नये.

फ्रेडी, म्हणजे झांझिबारच्या पारशी कुटुंबातील फारूख बलसारा, पियानो शिकला तो आपल्या पाचगणीच्या शाळेत. या गीतातही पियानोच मुख्य. त्यातली हार्प मात्र गिटारवादक ब्रायन मे याने वाजवली. तिचे सूर सतत उतरत, म्हणून एकेक स्वरसंगती स्वतंत्र ध्वनिमुद्रित करून जोडावी लागली.

मंचासाठी मे याने ते बारा तारांच्या गिटारवर नव्याने बसवले आणि हळूहळू श्रोतेच ते गाऊ लागले. 1981 मध्ये ब्युनोस आयर्स आणि साओ पाउलोत इंग्रजी मातृभाषा नसलेले हजारो लोक ते एकसुरात गायले. तेव्हा दोन्ही देशांत लष्करी राजवट होती. रिओचा महोत्सव चालू असतानाच, 15 जानेवारी 1985 रोजी, ब्राझीलमध्ये 1964 नंतरचा पहिला नागरी अध्यक्ष निवडला गेला.

आता त्याच अल्बममधले दुसरे गीत, ‘यू आर माय बेस्ट फ्रेंड’. अबोल बासवादक जॉन डीकन याने ते पत्नी व्हेरोनिकासाठी लिहिले. त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला होता. त्याला हवा होता वुर्लिट्झर हा विजेवरचा पियानो. फ्रेडीला त्याचा आवाज मुळीच आवडेना. तो वाजवणार नाही म्हणाला. डीकनने वाद्य घरी नेले, शिकून घेतले आणि ध्वनिमुद्रणात स्वतःच वाजवले. या गीताभोवती दंतकथा फारशा नाहीत. सुखी संसारावर कोण चित्रपट काढणार!

मेरी मात्र फ्रेडीपासून कधीच दूर गेली नाही. 24 नोव्हेंबर 1991 रोजी तो वारला, तेव्हा लंडनचे ‘गार्डन लॉज’ हे घर त्याने तिच्याच नावे ठेवले होते. तिथल्या वस्तूंचा तिने सप्टेंबर 2023 मध्ये लिलाव केला. त्यात फ्रेडीने 1975 मध्ये घेतलेला यामाहा पियानोही होता.