सोऱ्याची टंचाई आणि एक महिन्याची शाळा

ठासणीची बंदूक आता बहुतेकांना संग्रहालयातच पाहायला मिळते. नळीच्या तोंडातून मोजून दारू ओतायची, वरून गोळी सोडायची, गजाने ठासायचे आणि मग बार काढायचा. पुढच्या बाराला पुन्हा हेच सगळे पहिल्यापासून. बंदूक एकदा घडवली की वर्षानुवर्षे टिकते, दारू मात्र प्रत्येक बाराला संपते. म्हणून त्या काळात सैन्याची ताकद बंदुकांच्या संख्येपेक्षा कोठारातल्या दारूवर ठरत असे. ऑगस्ट १७७५ मध्ये अमेरिकन वसाहतींचा सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन याने बोस्टनच्या वेढ्यात आपला साठा मोजून घेतला, तेव्हा दर सैनिकामागे जेमतेम ९ बारांची दारू शिल्लक निघाली!

ही टंचाई नेमकी कशाची होती? बंदुकीच्या दारूत कोळसा, गंधक आणि सोरा असे तीन पदार्थ असतात. कोळसा कुठेही पाडता येतो. गंधक थोडाच लागतो आणि युरोपला तो सिसिलीतून मिळत असे. पण दारूचा सुमारे तीन चतुर्थांश भाग सोऱ्याचा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेटचा असतो. नळीत ठासलेल्या दारूला बाहेरची हवा मिळत नाही. जळण्यासाठी लागणारा ऑक्सिजन तिला सोरा पुरवतो. म्हणून सोरा संपला की बंदुकीची लोखंडी नळीच तेवढी उरते.

भिंतीवर फुटणारा क्षार

जुन्या गोठ्याच्या ओलसर भिंतीवर पांढरा खार फुटलेला तुम्ही पाहिला असेल. तो दरवेळी सोराच असतो असे नाही, पण सोरा मिळायचा तो अशाच जागी. जनावरांचे मलमूत्र आणि कुजके पदार्थ मातीत मिसळतात. त्यांतल्या नायट्रोजनचा आधी अमोनिया होतो आणि मग नायट्रेट. नायट्रेट पाण्यात सहज विरघळते, त्यामुळे सतत पाऊस पडणाऱ्या प्रदेशात ते वाहून जाते. बिहारमध्ये मात्र पावसाळ्यानंतर दीर्घ कोरडा काळ येतो. मातीतले पाणी वर चढते, उडून जाते आणि क्षार पृष्ठभागावर राहतो. नोनिया समाजाचे कारागीर ही माती खरवडत, पाण्याने धुऊन काढत आणि ते पाणी आटवून सोरा मिळवत. पाटण्याच्या बाजारात इंग्रज, डच आणि फ्रेंच व्यापारी तो विकत घेत.

युरोपात ही सोय नव्हती. तिथे तबेले, तळघरे आणि कबुतरखाने यांची जमीन खणावी लागे. इंग्लंडमध्ये राजाची सनद घेतलेले सोरेवाले लोकांच्या घरात शिरून जमीन उकरत. १६२६ मध्ये पहिल्या चार्ल्स राजाने तर प्रजेने मूत्र साठवून सोरेवाल्यांना द्यावे, असे फर्मान काढले. लोकांचा रोष इतका वाढला की १६५६ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय खणण्यास कायद्याने बंदी आली. ही बंदी इंग्लंडला पुढे परवडली, कारण ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे बिहारचा सोरा आणू लागली होती. १७५८ मध्ये कंपनीने मीर जाफरकडून बिहारच्या सोऱ्याचा मक्ताच मिळवला. इंग्लंडची टंचाई मिटली आणि फ्रान्सची सुरू झाली.

फ्रान्सची अडचण

फ्रान्समध्ये दारूचा पुरवठा खासगी मक्तेदारांकडे होता. सरकारला ठरलेली दारू ठरलेल्या भावाने द्यायची, एवढेच त्यांच्यावर बंधन होते. युद्धात गरज वाढली तर जास्त दारू देण्याची जबाबदारी त्यांची नव्हती. त्यांचा नफा शिकारी आणि व्यापारी यांना होणाऱ्या विक्रीत होता. सरपण आणि मजुरी महागली तरी सोरेवाल्यांना मिळणारा भाव तोच राहिल्याने त्यांना धंदा परवडेना. बाहेरचा सोरा आणावा, तर त्याचे मुख्य ठिकाण शत्रूच्या हातात.

१७७५ मध्ये अर्थमंत्री तुर्गो याने हा मक्ता मोडून सरकारी दारू-विभाग स्थापला. त्याच्या चार संचालकांपैकी एक होता आंत्वान लव्हाझिए. ज्वलनात ऑक्सिजनचा वाटा उलगडणारा शास्त्रज्ञ म्हणून आपण त्याला ओळखतो. टंचाईचे उत्तर शोधणारा कारभारी ही त्याची दुसरी ओळख पाठ्यपुस्तकात येत नाही. याच काळात विज्ञान अकादमीने सोऱ्याच्या निर्मितीवर बक्षीस जाहीर केले. माती, खत आणि चुना यांचे ढीग रचून कृत्रिम वाफे कसे करावेत, याच्या सूचना लव्हाझिएच्या विभागाने १७७७ मध्ये छापल्या. पण वाफ्यात सोरा तयार व्हायला काही वर्षे लागत. सोऱ्याला पर्यायही शोधला गेला. बर्थोलेने तयार केलेले पोटॅशियम क्लोरेट वापरून ऑक्टोबर १७८८ मध्ये एसोन येथे दारू करून पाहिली. स्फोट होऊन दोन माणसे ठार झाली. लव्हाझिए आणि बर्थोले थोडक्यात वाचले.

प्रत्येक जिल्ह्यातून दोघे

१७९३ मध्ये राज्यक्रांतीनंतरचा फ्रान्स जवळजवळ साऱ्या शेजाऱ्यांशी लढत होता. समुद्रावर ब्रिटिश आरमाराचा पहारा होता. ऑगस्टमध्ये सक्तीची सैन्यभरती जाहीर झाली. लाखो सैनिकांना दारू हवी होती आणि वाफे पिकण्याची वाट पाहायला वेळ नव्हता. मग ४ डिसेंबर १७९३ रोजी आदेश निघाला की प्रत्येक नागरिकाने आपल्या तळघराची आणि तबेल्याची माती स्वतःच धुऊन सोरा काढावा.

आदेश काढणे सोपे होते. सोरा कसा काढायचा, हे लोकांना कोण शिकवणार? सरकारने प्रत्येक जिल्ह्यातून दोन माणसे पॅरिसला बोलावली. १७९४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अशा हजारभर लोकांचा एक महिन्याचा वर्ग भरला. सोरा काढणे, दारू करणे आणि तोफा ओतणे हे तीन विषय होते. शिकवायला होते गितों द मोर्व्हो, फूर्क्रुआ, बर्थोले आणि माँज, म्हणजे त्या काळचे पहिल्या फळीचे शास्त्रज्ञ. धडे छापून वाटले गेले. महिनाअखेर विद्यार्थी स्वतः काढलेला सोरा मिरवत राष्ट्रसभेपुढे गेले आणि नंतर आपापल्या जिल्ह्यात परतून इतरांना शिकवू लागले. सोऱ्याचे उत्पादन पूर्वीच्या कित्येक पटींनी वाढले.

या धड्यातले रसायनशास्त्र आपल्या नववी-दहावीच्या वर्गाला समजेल इतके सरळ आहे. माती धुतली की पाण्यात मुख्यतः कॅल्शियम नायट्रेट येते. ते हवेतले पाणी शोषून ओलसर होते, म्हणून दारूला निरुपयोगी. त्यात लाकडाच्या राखेचे पाणी, म्हणजे पोटॅशियम कार्बोनेट, घातले की कॅल्शियम कार्बोनेटचा साका खाली बसतो आणि पोटॅशियम नायट्रेट द्रावणात राहते. पण सोबत मीठही असते. ते कसे वेगळे करायचे? १०० ग्रॅम उकळत्या पाण्यात सुमारे २४५ ग्रॅम सोरा विरघळतो, शून्य अंशाच्या पाण्यात फक्त १३ ग्रॅम. मिठाचे आकडे साधारण ३९ आणि ३६ आहेत. म्हणून गरम द्रावण थंड केले की सोऱ्याचे स्फटिक पडतात आणि मीठ बहुतेक पाण्यातच राहते. विद्राव्यतेचा आलेख काढताना ही गोष्ट सांगितली, तर त्या दोन वक्ररेषांना अर्थ येतो.

एका टंचाईतून दुसरीही निघाली. राखेतला सगळा पोटॅश सोऱ्याकडे वळल्यावर काच आणि साबण करणाऱ्यांची पंचाईत झाली. त्यांना पर्याय म्हणून सोडा हवा होता. साध्या मिठापासून सोडा करण्याची लब्लांची पद्धत १७९४ मध्ये सरकारने सर्वांसाठी खुली केली. पुढे शंभरेक वर्षे युरोपचा रसायन-उद्योग याच पद्धतीवर उभा होता.

हिशेबाची दुसरी बाजू

ही कहाणी केवळ यशाची नाही. ज्याने दारू-विभागाची घडी बसवली, त्या लव्हाझिएला करवसुलीच्या मक्त्यातील भागीदार म्हणून ८ मे १७९४ रोजी गिलोटिनवर चढवले. त्याच्याबरोबर रसायनांची नवी नामपद्धती रचणारे सहकारी त्या वेळी सोऱ्याच्या मोहिमेत गुंतले होते. ३१ ऑगस्ट १७९४ रोजी पॅरिसच्या ग्रनेल भागातला दारूचा कारखाना उडाला आणि शेकडो कामगार मेले. तिथे जुनी सावकाश रीत सोडून झटपट पद्धतीने दारू बनवली जात होती. घाईची किंमत कामगारांनी मोजली. शांतता आल्यावर स्वस्त भारतीय सोरा पुन्हा येऊ लागला आणि वाफे ओस पडले. त्या स्वस्ताईचा भार नोनिया कारागिरांवर होता.

गंमत म्हणजे वाफ्यात सोरा तयार कसा होतो, हे यांपैकी कुणालाच माहीत नव्हते. हे काम मातीतले सूक्ष्मजीव करतात, असे श्लोझिंग आणि म्युंट्झ यांनी १८७७ मध्ये दाखवले. मातीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली की नायट्रेट बनणे थांबत असे. विनोग्राद्स्कीने १८९० च्या सुमारास ते जीवाणू वेगळे केले. १९१३ मध्ये जर्मनीत हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करणारा कारखाना सुरू झाला आणि सोऱ्यासाठी माती खणण्याची गरजच संपत गेली. ज्या मूलद्रव्यासाठी घरे उकरली, तो नायट्रोजन हवेत चार पंचमांश भरलेला होता. टंचाई पदार्थाची होती त्याहून जास्त पद्धतीची होती.

त्या एक महिन्याच्या वर्गाचा शेवट तोफांपाशी झाला नाही. हीच कल्पना घेऊन जानेवारी १७९५ मध्ये पॅरिसला 'एकोल नॉर्माल' सुरू झाली. पुन्हा जिल्ह्याजिल्ह्यांतून माणसे बोलावली गेली, पुन्हा माँज आणि बर्थोले शिकवायला उभे राहिले. विद्यार्थी या वेळी भावी शिक्षक होते. ती शाळा चारेक महिन्यांतच बंद पडली, पण शिक्षकांनाही शिकवावे लागते आणि ते काम देशातल्या उत्तम शास्त्रज्ञांचे आहे, हा विचार रुजला. आज आपण ज्या प्रशिक्षण वर्गांना जातो, त्यांच्या पूर्वजांत सोऱ्याची ती शाळाही आहे.